टीएसएच सारखं वर-खाली होतंय? डोस बदलण्याआधी गोळी कशी घेता ते पाहा

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

«वय 44, वजन 64 किलो. कोल्हापूर जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. सहा वर्षांपूर्वी थायरॉइड कमी असल्याचं निघालं, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) वाढलेलं होतं. पाच वर्षं थायरॉक्सिनची 75 मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती आणि टीएसएच दोन-तीनच्या आसपास असायचं. गेल्या दिवाळीनंतर पाळीत अंगावरून फार जायला लागलं, हिमोग्लोबिन 9.1 आलं म्हणून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सुरू झाली. तेव्हापासून सगळं बिघडलंय. जानेवारीत टीएसएच 11.2 आलं, गोळी 100 ची केली. मार्चअखेर 7.8, मग 125. जूनमध्ये एकदम 0.1 आणि फ्री टी-फोर जास्त, म्हणून पुन्हा 75. आता सप्टेंबरात 16.4 आलंय आणि परत 125 घ्यायला सांगितलंय. सकाळी सहाला चहाबरोबर गोळी घेते, कधी चुकवत नाही. पावणेसातला पोहे नाहीतर उपमा खाऊन बाकीच्या गोळ्या घेते आणि शाळेला निघते. केस गळतात म्हणून मे-जूनमध्ये बायोटिनच्या कॅप्सूल घेतल्या, बाटली संपल्यावर परत आणल्या नाहीत. जूनचा रिपोर्ट थायरॉइड जास्त म्हणत होता, पण मी तर पंखा बंद करून चादर घेऊन झोपत होते, पोटही साफ होत नव्हतं. वर्षात नऊ किलो वजन वाढलं. नणंद म्हणते, गोळीची सवय लागते, बंद कर आणि कोबी-फ्लॉवर सोड. माझी ग्रंथी अशी का वागते? मुलगी 17 वर्षांची आहे, तिचं टीएसएच 5.4 आलंय, तिलाही गोळी सुरू करायची का?»

ताई,

तुम्ही तारखा, आकडे आणि गोळ्यांच्या वेळा इतक्या नीट लिहिल्या आहेत की अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. तुमची ग्रंथी लहरीपणे वागत असेल असं आम्हाला वाटत नाही. ती सहा वर्षांपूर्वी मंदावली आणि तशीच मंद आहे. वर्षभरात बदललं ते दुसरंच काही: आधी गोळीतलं औषध रक्तात कमी उतरायला लागलं आणि मग मध्येच एक रिपोर्ट बहुधा चुकीचा आला. त्यामुळे 125 ची नवी बाटली उघडण्याआधी हे उत्तर वाचा आणि तुमच्या डॉक्टरांनाही दाखवा.

आधी टीएसएच म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा गोंधळ त्याच्याभोवती आहे. गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखरासारखी पसरलेली 15 ते 25 ग्रॅमची ग्रंथी म्हणजे थायरॉइड, शाळेच्या पुस्तकातली अवटू ग्रंथी. ती मुख्यतः टी-फोर, म्हणजेच थायरॉक्सिन, हे संप्रेरक बनवते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून नावात चार. शरीर त्यातला एक अणू काढून टी-थ्री करतं आणि पेशींमध्ये खरं काम ते टी-थ्री करतं. टीएसएच मात्र थायरॉइड बनवत नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी बनवते. रक्तात टी-फोर कमी पडलं की पियुषिका टीएसएच वाढवून थायरॉइडला कामाला लावते, टी-फोर जास्त झालं की टीएसएच कमी करते. म्हणून तुमचं 16.4 म्हणजे «थायरॉइड वाढलं» असं नाही. ते कमी पडतंय, असाच त्याचा अर्थ आहे. हा घोळ घराघरांत होतो आणि त्यापायी लोक गोळी बंद करतात.

पियुषिका फार हळवी असते. टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, ते शंभरपटीपर्यंत चढू शकतं. म्हणून 2.5 वरून 11 पाहून घाबरू नका, रक्तातल्या टी-फोरमध्ये त्यामानाने थोडाच फरक पडलेला असतो. दुसरं असं की टी-फोर शरीरात रेंगाळतं. आज रक्तात गेलेलं निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. डोस किंवा गोळी घेण्याची पद्धत बदलली की नवी पातळी स्थिरावायला पाच आठवडे जातात आणि पियुषिकेला जुळवून घ्यायला आणखी थोडे दिवस. सहा आठवड्यांच्या आत केलेली टीएसएच तपासणी अर्धवट असते, तिच्यावर डोस ठरवू नये.

आता तुमची सकाळ पाहू. सहा वाजता चहाबरोबर गोळी, पावणेसातला पोहे, त्यावर लोह आणि कॅल्शियम. गोळी आतड्याच्या वरच्या भागात शोषली जाते आणि रिकाम्या पोटीसुद्धा त्यातलं साधारण 70 ते 80 टक्केच रक्तात उतरतं. चहा-कॉफी आणि दुधाने त्यातही घट येते. पाच वर्षं तुम्ही चहाबरोबरच घेत होतात, पण रोज सारखंच होत असल्याने 75 चा डोस त्या घटीसकट जुळला होता. लोह आणि कॅल्शियमचं तसं नाही. ती आतड्यात टी-फोरला धरून बसतात, दोघांचं मिळून न विरघळणारं संयुग होतं आणि ते शौचावाटे निघून जातं. तुमच्याकडे दोन गोळ्यांत जेमतेम पाऊण तास आहे. हवेत किमान चार तास. दिवाळीनंतर लोह-कॅल्शियम सुरू झालं आणि जानेवारीत टीएसएच चढलं, याचं सरळ कारण हेच दिसतं.

दुसरा पुरावा तुमच्या वजनात आहे. ग्रंथी पूर्ण बंद पडलेल्या प्रौढ माणसाला रोज साधारण किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागतं. 64 किलोला ते 102 च्या आसपास येतं. तुमची ग्रंथी थोडंफार काम करत होती म्हणून 75 वर भागत होतं. अशा माणसाला 100 वर असूनही टीएसएच 7.8 येतं, तेव्हा डोस वाढवण्याआधी «गोळी कशी घेता, सोबत काय घेता» हा प्रश्न विचारायला हवा होता.

जूनच्या रिपोर्टकडे येऊ. केसांच्या कॅप्सूलमध्ये बायोटिन बहुधा 5 किंवा 10 मिलिग्रॅम असतं आणि शरीराची रोजची गरज असते 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे शेकडो पटींनी जास्त. शरीराला त्याचा त्रास होत नाही, पण अनेक प्रयोगशाळांतल्या यंत्रांत हेच बायोटिन डिंकासारखं वापरलेलं असतं. टीएसएच पकडणारी प्रतिपिंडं बायोटिनच्या आधारे चिकटवतात आणि मग किती चिकटलं ते मोजतात. रक्तातच बायोटिनचा पूर असला की चिकटायच्या जागा तेच अडवून बसतं, टीएसएच धुऊन जातं आणि आकडा खोटा कमी येतो. फ्री टी-फोरची, म्हणजे रक्तात मोकळ्या असलेल्या टी-फोरची, चाचणी उलट्या हिशेबाने चालते, तिथे कमी चिकटलं म्हणजे जास्त संप्रेरक, म्हणून तो आकडा खोटा जास्त येतो. टीएसएच कमी आणि टी-फोर जास्त असं हुबेहूब «थायरॉइड वाढल्याचं» चित्र कागदावर उमटतं, आणि माणूस मात्र पंखा बंद करून चादरीत असतो. तुम्ही लिहिलेली ती चादर आणि बद्धकोष्ठता आम्हाला त्या कागदापेक्षा जास्त खरी वाटते. तुमच्या प्रयोगशाळेचं यंत्र कोणत्या पद्धतीचं आहे हे विचारल्याशिवाय शंभर टक्के सांगता येणार नाही, पण शंका फार दाट आहे. त्या रिपोर्टवर डोस 125 वरून एकदम 75 वर आला, लोह-कॅल्शियम चालूच राहिलं, आणि सप्टेंबरात 16.4 आलं. पुढे कधी बायोटिन किंवा केस-नखांसाठीची कॅप्सूल घेतलीत तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आठवडाभर. आणि रक्त घेणाऱ्याला आधी सांगा.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. 125 सुरू केलंत आणि त्याच आठवड्यात हे वाचून गोळी घेण्याची पद्धतही सुधारलीत, तर दोन महिन्यांत खरोखरच थायरॉक्सिन जास्त होईल: छातीत धडधड, हाताला थरथर, झोप उडणं, घाम. बरेच महिने तसंच चाललं तर हाडं ठिसूळ होतात, आणि वय वाढेल तसं हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमचं मत असं की पद्धत आधी सुधारावी, डोस 75 किंवा फार तर 100 ठेवावा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर पाहावं. डोसचा आकडा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. त्यांनी नाडी पाहिली आहे, आम्ही फक्त पत्र वाचलं आहे. पण लोह, कॅल्शियम आणि बायोटिनच्या तारखा त्यांच्यासमोर ठेवल्याशिवाय तो ठरू देऊ नका.

पद्धत अशी बसवा. रात्री उशाशी तांब्याभांडं आणि गोळीची बाटली ठेवा. साडेपाचला जाग आली की अंथरुणातच भांडंभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्या. लिंबू-मध नको, दूध नको. चहा साडेसहाला, म्हणजे तासाभराने. अर्धा तास ही शेवटची मर्यादा, तास झाला तर उत्तम. नाश्ता त्यानंतर कधीही. लोहाची गोळी दुपारच्या डब्याच्या वेळी, लिंबू पिळून, आणि नंतर दोन तास चहा नको, कारण चहाने लोहच शोषलं जात नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेत होतात ते थायरॉइड बाजूला ठेवलं तरी चूकच होतं, ती एकमेकांनाही अडवतात. हिमोग्लोबिन वाढलं नसेल तर त्याचंही एक कारण तिथेच असेल.

शाळेच्या गडबडीत पहाटेचं जमणारच नसेल तर झोपताना घेतलेली गोळीही तितकीच चालते, पण शेवटच्या घासानंतर तीन तास गेलेले हवेत. रात्री नऊला जेवून साडेदहाला झोपणाऱ्या घरात ते होत नाही, आणि मग कॅल्शियमही दुपारी हलवावं लागतं. तुम्हाला पहाटच बरी.

ॲसिडिटीची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा पातळ अँटासिड घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन कमी विरघळतं. अँटासिडलाही चार तासांचं अंतर लागतं. सोयाबीनच्या वड्या, सोया दूध, इसबगोल सकाळच्या गोळीजवळ नकोत.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर बहुतेकांना दोन एकदम घेता येतात, कारण औषध हळूहळू उतरतं आणि आठवड्याचा हिशेब महत्त्वाचा असतो. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

बाटलीबद्दल दोन शब्द, कारण हे औषध फार नाजूक आहे. गोळीत औषध असतं मायक्रोग्रॅममध्ये, ऊन, दमट हवा आणि उष्णतेने त्याची ताकद उतरते. फ्रिजच्या वर किंवा गॅसजवळच्या फळीवर बाटली ठेवू नका. आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका, ओल्या हाताने गोळी काढू नका, आठवड्याच्या रंगीत डबीत महिनाभराच्या गोळ्या काढून ठेवू नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे सगळं जास्तच लागू. बाटली उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. शक्यतो एकाच कंपनीची गोळी चालू ठेवा, बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहा. आणि औषधाच्या दुकानातच आकडा नीट वाचा: 12.5 आणि 125 मध्ये फक्त एका टिंबाचा फरक आहे, डोसात दहापट. चिठ्ठीवर अक्षर गिचमिड असेल तर आकड्यापुढे «मायक्रोग्रॅम» असं स्पष्ट लिहून घ्या.

पुढच्या तपासणीला त्याच प्रयोगशाळेत, सकाळी साधारण त्याच वेळी जा. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं, एकदा सातला आणि एकदा बाराला रक्त दिलं तर फरक उगाचच दिसतो. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-फोर चढलेलं असतं. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-12 करून घ्या. अँटी-टीपीओ वाढलेलं म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटली आहे. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. अशा लोकांत बी-12 ची कमतरताही जास्त आढळते आणि तिचा थकवा थायरॉइडच्या थकव्यासारखाच असतो. सगळं काटेकोर पाळूनही टीएसएच चढंच राहिलं तर जठराचा दाह किंवा गव्हातल्या ग्लुटेनची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजार शोधावा लागतो. पण ते नंतर.

अंगावरून जाण्याकडे मात्र आत्ताच लक्ष द्या. थायरॉइड कमी पडलं की पाळीत रक्तस्राव वाढतो, त्याने लोह घटतं, लोहाची गोळी सुरू होते, ती थायरॉइडची गोळी अडवते आणि थायरॉइड आणखी कमी पडतं. तुम्ही या चक्रात अडकला असण्याची शक्यता आहे. तरी 44 व्या वर्षी सगळं खापर थायरॉइडवर फोडू नका. तुमचं टीएसएच चांगलं असतानाच हे सुरू झालं असावं, म्हणून गर्भाशयात गाठ किंवा अस्तराची वाढ नाही ना, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफीत पाहून घ्याच.

नणंदेच्या सल्ल्याबद्दल. गोळीत आहे ते तुमची ग्रंथी बनवायची तेच टी-फोर, हुबेहूब. व्यसनाची सवय यात नाही. ग्रंथी कमी बनवते तेवढं बाहेरून घालायचं, बंद केलं की कमतरता परत येते. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी अशाच एका 46 वर्षांच्या बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क द्यायला सुरुवात केली. तो अर्क घेत ती पुढे 28 वर्षं जगली आणि त्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. तुमच्या उशाशी असलेल्या बाटलीत तेच काम मोजूनमापून भरलेलं आहे. कुठल्या काढ्याच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्यांच्या भरवशावर ती सोडू नका. शेवाळात आयोडीन बेसुमार असतं आणि हाशिमोटोमध्ये जादा आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावू शकते.

कोबी-फ्लॉवर शिजवून, भाजी म्हणून खुशाल खा. मिठाबद्दल मात्र एक सांगायचं आहे. उपासाचं सैंधव किंवा गुलाबी मीठ रोज वापरायची पद्धत आता वाढली आहे, त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. 1956 पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं, त्यातूनच आपलं आयोडीनयुक्त मीठ आलं. चतुर्मासातल्या उपासांना सैंधव चालेल, रोजच्या आमटीत आयोडीनयुक्तच हवं. विशेषतः घरात मुलगी असताना, कारण पुढे गरोदरपणी बाळाच्या मेंदूला त्याची जास्तच गरज लागते. बरणी बंद ठेवा आणि मीठ शेवटी घाला.

नऊ किलोंपैकी थायरॉइडच्या वाट्याचे दोन-चार किलो असतील, त्यातही बराच भाग पाणी आणि मिठाचा. टीएसएच सुधारल्यावर तेवढे उतरतील. उरलेल्यांना चालणं आणि ताटातला भात हेच उपाय आहेत. वजन उतरवायला गोळी वाढवून घेऊ नका.

मुलीला लगेच गोळी नको. 17 व्या वर्षी 5.4 हा एकच आकडा आहे. तापातून उठताना, झोप अपुरी असताना किंवा पहाटे रक्त दिल्यावर इतकं येऊ शकतं. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, फ्री टी-फोर आणि अँटी-टीपीओ एकत्र करा. टी-फोर चांगलं आणि अँटी-टीपीओ नॉर्मल असेल तर वर्षाने एकदा पाहणं पुरे. अँटी-टीपीओ वाढलेलं असेल, गळ्याशी सूज दिसत असेल, पाळी अनियमित असेल किंवा टीएसएच 10 च्या पुढे गेलं तर डॉक्टरांना दाखवून उपचार ठरवा. तिला हे आत्ताच सांगून ठेवा की लग्नानंतर दिवस राहण्याचं ठरवण्याआधी टीएसएच पाहायचं आणि गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडे जायचं, कारण तेव्हा डोस साधारण 25 ते 30 टक्के वाढवावा लागतो.

वाट न पाहता डॉक्टर गाठायची वेळ कोणती, तेही लिहितो. छातीत सतत धडधड किंवा दुखणं, गुंगी येऊन अंग गार पडणं, चेहरा फार सुजणं. तसंच उभं राहताच चक्कर, उलट्या, मीठ खावंसं वाटणं आणि त्वचा काळवंडणं हे एकत्र दिसलं तर मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कमी पडत असतील. अशा वेळी थायरॉक्सिन वाढवणं धोक्याचं असतं, आधी त्या ग्रंथींचं कॉर्टिसोल हे संप्रेरक तपासावं लागतं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर चार ओळी न्या: लोह-कॅल्शियम कधीपासून, बायोटिन कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, चारही टीएसएचचे आकडे तारखेसह, आणि सकाळच्या गोळीची नवी वेळ. बायोटिनची रिकामी बाटली असेल तर तीही न्या, तिच्यावर मिलिग्रॅम छापलेले असतात.